थंड तार, गरम तार आणि सांगलीचं तिकीट

आधीच सांगून टाकतो, हे सगळं आतड्यांबद्दल आहे. जेवताना वाचत असाल तर आधी जेवून घ्या.

लिहायचं कारण असं, की गेल्या काही महिन्यांत आमच्या मराठी मंडळातल्या तीन गृहस्थांनी मला एकेकटं गाठून, इकडेतिकडे बघत, हळू आवाजात विचारलं, "श्रीकांत, ते कोलोनोस्कोपीचं कसं असतं रे?" एकाने तर त्यासाठी मला गणपतीच्या आरतीतून उठवून पार्किंग लॉटमध्ये नेलं. तिघेही पन्नाशी ओलांडलेले, तिघांनाही डॉक्टरांनी सांगून झालेलं आणि तिघेही टाळतायत. मी स्वतः आठ वर्षं टाळलं, त्यामुळे त्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही. पण दर वेळी गाड्यांमध्ये उभं राहून कुजबुजण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं.

डबा

मी ओहायोतल्या डब्लिनला राहतो. वय त्रेपन्न, एका विमा कंपनीत कॉम्प्युटरचं काम. बायको वैशाली इथल्या शाळेत गणित शिकवते. मुलगी ईशा शिकागोला नोकरी करते. आई सांगलीला, धाकटी बहीण मेधा हिच्या घराशेजारी.

आमच्या डॉक्टरांनी दर वर्षी कोलोनोस्कोपीचं, म्हणजे मागून दुर्बीण घालून मोठं आतडं तपासायचं, नाव काढायचं आणि मी दर वर्षी "या वेळी कामाचा फार लोड आहे" म्हणायचं, हा आमचा आठ वर्षांचा परिपाठ. शेवटी त्यांनी हात टेकले आणि म्हणाले, निदान डब्याची टेस्ट तरी करा. घरी एक खोका येतो, त्यात एक डबा असतो. शौचाचा नमुना त्या डब्यात घालायचा, झाकण घट्ट लावायचं आणि खोका परत पाठवायचा. पाठवायचा म्हणजे कुरियरच्या दुकानात जाऊन काउंटरवरच्या मुलीच्या हातात द्यायचा. तिने हसून "हॅव अ ग्रेट डे" म्हटलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ईशाला हे फोनवर सांगितलं तर ती किंचाळली, "बाबा, यू मेल्ड व्हॉट?"

एक गोष्ट मात्र तेव्हा मी ईशाला सांगितली नाही, वैशालीला सांगितली नाही, डॉक्टरांनाही नाही. त्याआधीच्या चार-पाच महिन्यांत मला तीनदा रक्त दिसलं होतं. थोडंसंच. मूळव्याध असेल, तिखट जास्त झालं असेल, बसून बसून काम असतं, अशी मी स्वतःचीच समजूत काढली आणि पाणी सोडून मोकळा झालो.

आमच्या घराण्याची ही जुनी रीत आहे. आजार सांगायचा नाही. सांगायचाच असेल तर बरा झाल्यावर, तोही हसत हसत. "मागच्या महिन्यात जरा ऑपरेशन झालं, तुला कशाला उगाच काळजी!" समुद्र मध्ये आला तेव्हापासून तर ही रीत दोन्हीकडून अगदी कसोशीने पाळली जाते. आईचा मोतीबिंदू मला पट्टी सुटल्यावर कळला. माझा मोडलेला हात तिला प्लास्टर निघाल्यावर कळला.

आणि त्याच सुमाराला आईच्या सहस्रचंद्रदर्शनाची तयारी चालली होती. ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. तिला ऐंशी दिव्यांनी ओवाळायचं, सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलवायचं, आणि मी मुलगा म्हणून पूजेला बसायचं. नाना, म्हणजे माझे वडील गेले ते विमानं बंद होती त्या वर्षी. त्यांचं सगळं मी मेधाच्या फोनवर पाहिलं. मध्येच रेंज गेली आणि पाच मिनिटांनी परत आली तेव्हा उरकलं होतं. त्यानंतर आईने मला एकच गोष्ट मागितली. "माझ्या ऐंशीला तू हवास. जिवंतपणी ये, नंतर आलास तर मला काय कळणार!" ती हे हसत म्हणाली. मी शब्द दिला आणि तिकीटही काढलं.

फोन

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला हे मला नर्सने फोनवर सांगितलं, तेव्हा मी गॅरेजमध्ये स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ हटवायचं मशीन, पुसत होतो. आवाज अगदी गोड. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर असं नाही, पण आता आत बघायलाच हवं, म्हणाली. मी "थँक यू सो मच" म्हटलं. असल्या बातमीला लोक थँक यू का म्हणतात कोण जाणे. मी स्नो ब्लोअरवरच बसलो.

वैशाली वाळवायच्या मशीनमधून कपडे काढत होती. तिने माझा चेहरा पाहिला आणि हातातला टॉवेल खाली ठेवला.

"कोणाचा फोन?"

"काही नाही. टेस्टचा. इंडियाहून आल्यावर एक तपासणी करून घ्यायचीय."

"इंडियाहून आल्यावर, असं ते म्हणाले की तू म्हणतोयस?"

तीस वर्षं मुलांचे पेपर तपासलेली बाई आहे. खाडाखोड तिला लगेच दिसते. मग मी तिला सगळं सांगितलं, तीन वेळच्या रक्तासकट. तिने मला झापलं नाही. नुसती माझ्याजवळ येऊन बसली आणि माझा हात बराच वेळ धरून ठेवला. झापलं ते दुसऱ्या दिवशी, आणि व्यवस्थित झापलं.

तपासणीची तारीख मिळाली ती विमानाच्या साडेतीन आठवडे आधीची. आईला काही सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, त्यावर चर्चासुद्धा झाली नाही.

इसबगोल

आता माझी चूक सांगतो. मंडळातल्या सर्व बंधूंनी नीट वाचावी.

तपासणीच्या आठवडाभर आधी काय खायचं नाही याची चार पानी यादी येते. बिया नको, दाणे नको, कच्च्या भाज्या नकोत, फायबरच्या पावडरी बंद. मी यादी फ्रिजवर लावली. टोमॅटोच्या बिया काढून खाल्ल्या. वैशालीने शेंगदाण्याचं कूट लपवून ठेवलं. आदल्या दिवशी फक्त पाणी, गाळलेलं सूप, सफरचंदाचा रस. संध्याकाळी सहाला जुलाबाचं औषध, त्याचा दुसरा हप्ता पहाटे. औषधाची चव लिंबू सरबतात समुद्र ओतल्यासारखी असते. त्यानंतर मी बाथरूममध्येच राहायला गेलो म्हणा ना. वैशाली दाराबाहेर खुर्ची टाकून वह्या तपासत बसली. मध्येच विचारायची, "आहेस ना?" मी आतून "कुठे जाणार!" म्हणायचो.

एवढं सगळं करून दुसऱ्या दिवशी गुंगीतून जागा झालो तर तपासणी करणाऱ्या डॉक्टर समोर उभ्या. पन्नाशीच्या, उंच, पायात रंगीबेरंगी मोजे. त्या म्हणाल्या, "आम्हाला थांबावं लागलं. आत सगळीकडे जेलीसारखा थर होता. तुम्ही काही घेतलंत का?"

"काही नाही," मी ठामपणे म्हणालो.

वैशाली माझ्याकडे बघत होती. "श्री," ती हळूच म्हणाली, "इसबगोल?"

मी वीस वर्षं रोज झोपताना इसबगोल घेतो. आई सांगलीहून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर त्याची पाकिटं पाठवते. मेतकूट, कोकम, इसबगोल, हे ठरलेलं. यादीतल्या पावडरी मी बंद केल्या होत्या, पण त्या इथल्या दुकानातल्या, नारिंगी डब्यातल्या. इसबगोल म्हणजे काय पावडर आहे? ते तर घरचं आहे! उलट पोट साफ व्हायला मदत होईल म्हणून त्या आठवड्यात मी एकाऐवजी दोन चमचे घेत होतो. पाण्यात ते कसं फुगतं हे मी रोज डोळ्यांनी बघतो. तेच आत जाऊन आतड्याला चिकटून बसलं.

डॉक्टरांना समजावून सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, पण त्यांच्या शेजारच्या नर्सला खोकला आला. मग डॉक्टर गंभीर झाल्या. त्या थरातून त्यांना एक पॉलिप अर्धवट दिसला होता. पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेला मांसाचा कोंब. बहुतेक निरुपद्रवी असतात, पण काहींचा पुढे काही वर्षांत कॅन्सर होतो, म्हणून दिसला की काढायचा. हा केवढा आहे ते कळत नव्हतं आणि त्या घाणीत त्याला हात लावायची त्यांची तयारी नव्हती. पुन्हा यायचं होतं. पुढची मोकळी तारीख मिळाली ती विमानाच्या आठ दिवस आधीची.

घरी आल्यावर वैशालीने कपाटातली इसबगोलाची पाच पाकिटं काढली आणि उचलून बेसमेंटमध्ये नेऊन ठेवली.

तक्ता

मला कुठलीही गोष्ट तुलना केल्याशिवाय करता येत नाही. डिशवॉशर घेताना मी अकरा रकान्यांचा तक्ता केला होता, आणि ईशाने तो तिच्या मैत्रिणींना दाखवून माझी यथेच्छ चेष्टा केली होती. तेव्हा पॉलिप काढायचे प्रकार किती आणि त्यातला चांगला कुठला, याचाही तक्ता झालाच. तो घेऊन मी डॉक्टरांना भेटायला गेलो. त्यांनी तो शांतपणे वाचला, पेन काढलं आणि त्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या. तेव्हापासून ती बाई मला आवडते.

त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. अगदी दाण्याएवढा असेल तर बारीक चिमट्याने उपटतात. भुवईचा केस उपटावा तसा. सोपं आहे, पण जरासा मोठा असेल तर मूळ मागे राहू शकतं आणि तिथेच परत उगवतं. म्हणून हल्ली लहान पॉलिपसाठी तारेचा फास वापरतात. फास त्याच्याभोवती टाकायचा, थोडी चांगली कातडीही आत घ्यायची आणि आवळायचा. अळूवडीचा उंडा दोऱ्याने कापतो तसा तो कापला जातो. याला म्हणायचं थंड तार. लगेच थोडं रक्त येतं आणि आपलं आपण थांबतं.

गरम तार म्हणजे तोच फास, पण त्यातून वीज सोडायची. कापतानाच जागा भाजली जाते, त्यामुळे तिथल्या तिथे रक्त येत नाही. मला ही पद्धत साहजिकच जास्त पक्की वाटली होती आणि माझ्या तक्त्यात ती पहिल्या नंबरावर होती. इथेच डॉक्टरांचं पेन चाललं. त्या म्हणाल्या, भाजल्याची खपली धरते. ती काही दिवसांनी पडते. खाली खोलवर भाजलेलं असेल तर तेव्हा रक्त सुरू होतं, कधीकधी भरपूर. शिवाय आतड्याची भिंत पातळ असते, तिला चटका बसू शकतो. म्हणून लहान असेल तिथे थंडच बरी. मोठा असेल, जाड देठाचा असेल, तर मात्र गरम लागते.

"आणि विमान?" मी विचारलं.

"थंड तारेने निघाला तर बहुधा जाता येईल. गरम वापरली तर दोन आठवडे लांबचा प्रवास नाही. समुद्रावर विमानात रक्त सुरू झालं तर तिथे कोण थांबवणार?"

म्हणजे माझं सांगलीला जाणं एका कोंबाच्या मापावर आलं. मी त्यांना आईचं सांगितलं, नानांचं सांगितलं, ऐंशी दिव्यांचंही सांगितलं. म्हटलं, काहीही करून थंड तारच वापरा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी हत्यार पॉलिप बघून निवडते," त्या म्हणाल्या, "तिकीट बघून नाही."

पडद्याआड

दुसऱ्या खेपेला इसबगोल नव्हतं, बिया नव्हत्या, मी तर कोथिंबीरही सोडली होती. सकाळी साडेसातला मी पुन्हा त्या मागून उघड्या झग्यात, पडद्याआडच्या खाटेवर. वैशाली शेजारच्या खुर्चीवर, मांडीवर माझे कपडे, चष्मा आणि लग्नातली अंगठी. नर्सने सलाइन लावलं आणि पायांवर गरम केलेलं पांघरूण घातलं. ती गरम पांघरुणं ओव्हनसारख्या कपाटातून येतात. भीतीने गारठलेल्या माणसाला त्याइतकं सुख नाही. मी दोन मागून घेतली.

डॉक्टर आल्या, आज मोज्यांवर बदकं होती. काही विचारायचंय का, म्हणाल्या. मी रात्रभर पाठ केलेलं वाक्य म्हटलं. पॉलिप लहान असेल तर काढा. मोठा असेल तर तसाच ठेवा. मी पाच आठवड्यांनी परत येतो, तेव्हा काढू.

तसं करता येईल, डॉक्टर म्हणाल्या, निर्णय तुमचा आहे. पण रक्त येतंय, त्याचं कारण कदाचित तेच आहे, आणि मी तुमच्या जागी असते तर ठेवला नसता.

वैशाली उठली आणि तिने माझे कपडे खुर्चीवर ठेवले. ती मराठीत बोलायला लागली, डॉक्टरांना कळू नये म्हणून नाही, रागावली की तिला इंग्लिश सुचत नाही म्हणून.

"आठ वर्षं पुढे ढकललंस. रक्त पाहून गप्प बसलास. एकदा इसबगोल खाऊन आलास. आता आत शिरून, बघून, तसाच ठेवून परत यायचं? पूजेला बसशील, ओवाळशील, आईंच्या पाया पडशील. आणि डोक्यात काय असेल? ते जे आत आहे तेच ना?"

"मी तिला शब्द दिलाय, वैशू."

"शब्द येण्याचा दिलास. आठ तारखेला की बावीस तारखेला, हे तू त्यांना विचारलंयस का? त्यांना काही सांगितलंच नाहीस, तर त्यांना काय हवंय ते तुला कसं कळणार?" मग तिचा आवाज फुटला. "आणि मला काय हवंय ते? मी काय फक्त ड्रायव्हर आहे?"

इथे गुंगीचं औषध देतात म्हणून घरी न्यायला कोणीतरी बरोबर असल्याशिवाय तपासणीच करत नाहीत. फॉर्मवर तिच्या नावापुढे खरंच 'ड्रायव्हर' असं लिहिलेलं होतं. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. या बाईला मी रडताना फार कमी वेळा पाहिलंय, आणि त्यातल्या बहुतेक वेळा कारण मीच होतो. मला माझी लाज वाटली.

डॉक्टरांना मराठीतलं काहीही कळलं नव्हतं आणि सगळं कळलं होतं. त्या पडद्याची कड धरून उभ्या होत्या.

"जे काढायला हवं ते काढा," मी म्हणालो. "ज्या तारेने निघेल त्या तारेने."

आत गेल्यावर त्यांनी मला कुशीवर वळवलं, नाकात प्राणवायूची नळी दिली. कोणीतरी विचारलं, सुट्टीत कुठे जायला आवडतं? मी "सांगली" म्हणालो. बहुधा त्यांनी नकाशावर ते कधीच पाहिलं नसेल. त्यापुढचं मला काही आठवत नाही.

तीन

तीन निघाले. दोन लहान होते, ते थंड तारेने गेले. तिसरा, तोच आधी अर्धवट दिसलेला, दीड सेंटिमीटरचा होता. त्याला गरम तार लागली. जखम मिटवायला बारीक धातूच्या दोन क्लिपा लावल्या, त्या आपोआप गळून पडतात. डॉक्टरांनी मला फोटो दाखवला. गुलाबी भिंतीवर लालसर, गोबरा, अगदी आगाऊ दिसत होता.

"विमान नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आय ॲम सॉरी अबाउट युअर मदर्स पार्टी."

मी ठीक आहे म्हणालो आणि रडलो. गुंगीच्या औषधाने असं होतं, असं नर्स म्हणाली. तिने मला सफरचंदाचा रस आणि बिस्किटं दिली. छत्तीस तासांनंतरची ती खारी बिस्किटं मी आयुष्यात विसरणार नाही. वैशालीने माझ्या पायात मोजे घातले, बोटात अंगठी घातली, आणि माझ्या कपाळावर ओठ टेकले.

रिपोर्ट आला चार दिवसांनी. दोन लहान साधे होते. तिसऱ्यातल्या पेशी बदलायला लागल्या होत्या. अजून कॅन्सर नव्हता आणि सगळा निघाला होता. पाच आठवडे थांबून काही बिघडलं असतं का, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण ते पाच आठवडे मी कसे काढले असते, हे मला चांगलं माहीत आहे.

आईला

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगलीला फोन लावला. तिथे संध्याकाळ, आई देवापुढे दिवा लावून बसायची वेळ. काय सांगायचं याच्या दोन-तीन थापा तयार होत्या. व्हिसाची अडचण, ऑफिसचं काम. वैशाली समोर चहा घेऊन बसली होती. ती तिथून हलली नाही.

"आई, मला पुढच्या आठवड्यात येता येणार नाही," मी म्हणालो. "माझ्या आतड्यात तीन गाठी होत्या. काल काढल्या. कॅन्सर नाही असं त्यांना वाटतंय, रिपोर्ट यायचाय. दोन आठवडे विमानात बसायचं नाही."

पलीकडे शांतता. मला वाटलं रेंज गेली.

"कळलं कसं?" तिने विचारलं.

"रक्त जात होतं."

"किती दिवस?"

"चार-पाच महिने. अधूनमधून."

"आणि कोणाला सांगितलं नाहीस?"

"नाही."

मग ती म्हणाली, "मलाही जातं रे. दिवाळीपासून. कार्यक्रम आटोपला की मेधाला सांगणार होते. तू येणार, सगळे जमणार, त्यात कुठे हे घेऊन बसायचं!"

"तुलाही? दिवाळीपासून रक्त जातंय?" मी ओरडलोच. वैशालीने फोन स्पीकरवर घेतला. "आई," ती म्हणाली, "उद्या सकाळी मेधाबरोबर डॉक्टरांकडे जायचं. मी आत्ताच तिला फोन करते. रागवा माझ्यावर हवं तर."

"रागावत नाही गं," आई म्हणाली. "पण तपासणी करायची ती श्री आल्यावर. तेवढं मला द्या. आणि ते दिवेबिवे पुढे ढकला. ऐंशी वर्षं चंद्र उगवतोय, आणखी महिनाभर उगवेल."

त्या दिवशी आई आणि मी जवळजवळ तासभर बोललो. तिचा गुडघा, तिचं ब्लड प्रेशर, नाना गेल्यानंतर तिला सहा महिने झोप लागत नव्हती ते. मी पण सांगितलं, इथे एकटा असताना दोनदा पॅनिक झालो होतो ते. वीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांच्या तब्येतीची खरी चौकशी केली.

सांगली

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला आणि वैशाली आणि मी निघालो. आईच्या तपासणीत एक पॉलिप निघाला. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तो काढला आणि रिपोर्ट चांगला आला. हे आधीच सांगतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. मला सांगायचं आहे ते तिच्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळचं.

स्वयंपाकघरात टेबलावर जुलाबाच्या औषधाचा मोठा जार ठेवला होता. आईचे चार ग्लास झाले होते, चार राहिले होते. मेधा शाळेतून मुलांना आणायला गेली होती. वैशाली आईचं अंथरूण बाथरूमच्या जवळच्या खोलीत घालत होती. आईने पाचवा ग्लास हातात घेतला आणि परत खाली ठेवला. नऊवारीत ती इतकी लहान दिसत होती की मला तिच्याकडे बघवेना.

"श्री, खरं सांग," ती म्हणाली. "तू घाबरला होतास?"

काही नसतं गं, झोपेतच होऊन जातं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच उत्तर आहे.

"खूप घाबरलो होतो," मी म्हणालो. "मरेन असं वाटलं होतं. तू इथे, मी तिथे, आणि परत भेट होणार नाही असं वाटलं होतं. आत्ताही घाबरलोय, तुझ्यासाठी."

आईने माझ्या गालावरून हात फिरवला.

"मग मीही घाबरलेय," ती म्हणाली. "दिवाळीपासून घाबरलेय."

आणि पदराने तोंड पुसून तिने तो ग्लास उचलला, डोळे मिटले आणि एका दमात संपवला.